फटफटीवर पान्हावणारी म्हैस

आई माझ्या मोटारसायकलला फटफटी म्हणते, बायको सवत म्हणते आणि मी नुसतं गाडी म्हणतो. तिघांत आईचा शब्द सगळ्यांत जुना आणि माझ्या मते सगळ्यांत खरा. हा शब्द ज्यानं कुणी पहिल्यांदा तोंडातून काढला, त्यानं चाकं पाहिली नसणार, टाकी पाहिली नसणार. तो कुठंतरी बांधावर रस्त्याकडं पाठ करून बसला असेल, मागनं आवाज आला असेल आणि त्यानं त्या आवाजालाच नाव देऊन टाकलं असेल. एका यंत्राचं नाव असं कानानं ठेवलेलं आहे, हे माझ्यासारख्या माणसाला फार आवडतं. कारण माझा धंदाच कानाचा आहे.

परंड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी लोक टेम्पोत घालून आणतात, मी जुनी तार काढून नवी भरतो. चालू मोटारीच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ आपल्या कानाला लावायची, की आत काय चाललंय ते ऐकू येतं. बेअरिंग गेलंय की रोटर घासतोय, हे मी उघडायच्या आधी सांगतो आणि सहसा चुकत नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. बायको म्हणते, यांना मोटारीच्या पोटातलं ऐकू येतं, स्वयंपाकघरातून मारलेली हाक तेवढी ऐकू येत नाही.

गाडी घेतली ती लांब फिरायला. उन्हाळा म्हणजे मोटारी जळायचा हंगाम, तेव्हा जेवायला सवड नसते. पावसाळ्यात धंदा बसतो. मग दिवाळी होऊन गेली, ज्वारी गुडघ्याला लागली की मी दुकानाचं शटर ओढतो आणि निघतो. हंपी झालं, कोकण झालं, कन्याकुमारी झालं. एकटाच जातो. भावकीत याला वेडेपणा म्हणतात. देवाला निघालो असतो तर कुणी चकार शब्द काढला नसता, पण नुसतं बघायला जायचं म्हणजे माणूस कामातून गेला.

या वेळी कच्छचं रण बघायचं ठरवलं होतं. नजर पोचेल तिथवर मीठ आणि मधे काही म्हणजे काही नाही, असं ऐकलं होतं. एवढ्या लांब जायचं तर दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या हव्यात. डावीकडची पेटी नीट बसली, उजवीकडची सायलेन्सरला टेकायला लागली. तसाही तो सायलेन्सर गंजून शेपटाशी भोक पडलेला होता. फटफट करता करता मधेच फुस्स करायचा. दिवसभर तो आवाज डोक्यात घेऊन चालवलं की गाडी बंद केल्यावरही कानात इंजिन चालूच राहायचं. तेव्हा मी ठरवलं, सायलेन्सर वर उचलायचा आणि त्याच कामात गाडी गप्पही करायची. कॉलेजसमोरची पोरं सायलेन्सर कापून गाड्यांना बोंबलायला लावतात, मला बरोबर उलटं करायचं होतं. आणि ते कुणा मेकॅनिककडं न जाता, घरी, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडात करायचं होतं. वेल्डिंग मशीन घरचं, ग्राइंडर घरचा, मग दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?

जुना सायलेन्सर मी ग्राइंडरनं उभा चिरला आणि चिरल्यावर कामच विसरलो. आत खोल्या होत्या. एका खोलीतून नळी पुढं गेलेली, तिथून दुसरी नळी परत मागं आलेली, मग पुन्हा पुढं. सगळं काजळीनं काळं आणि बोट लावलं तर मऊ. इंजिनात एकामागं एक स्फोट होत असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला या एवढ्याशा डब्यात येरझाऱ्या घालायला लावतात, दमवतात आणि दमल्यावरच बाहेर सोडतात. जाणारा आवाज येणाऱ्या आवाजावर आपटतो आणि दोघंही कमी होतात. म्हणजे आवाज मारायला आवाजच कामाला लावलेला. आयुष्यभर मी आवाजावर पोट भरलं, पण आवाजाच्या पोटात असा कधी डोकावलो नव्हतो. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, याचा विचार करत मी उकिडवा बसलो होतो आणि शेजारचा चहा गार होऊन गेला.

बायकोनं कप न्यायला आल्यावर वाकून पाहिलं. "आत सोनं सापडलं का काय?"

"घर हाय. तीन खोल्यांचं."

"मग राहा तिथंच," ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

नव्या सायलेन्सरच्या आत भोकाभोकाची नळी लागते. ती मी मळणीयंत्राची टाकून दिलेली चाळणी गोल वळवून केली. तिच्याभोवती काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळली. मोटारीच्या वेटोळ्यांना मी हीच पट्टी गुंडाळतो, ती कितीही तापली तरी जळत नाही. बाहेरचं कवच जुन्याच सायलेन्सरच्या पत्र्यातून कापून काढलं. राहिलं ते वाकण. इंजिनातून निघणारा पाइप वर वळवल्याशिवाय पेटीला जागा होणार नव्हती. सरळ पाइप तसाच वाकवला तर चेपतो. म्हणून त्यात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकायच्या, पाइप लाल होईस्तोवर तापवायचा आणि मग वळवायचा. वाळू मात्र कोरडी ठणठणीत पाहिजे. जराशी ओल राहिली तर आत वाफ कोंडते आणि खुंटी गोळीसारखी सुटते. ही वाळू मी आईच्या भाकरीच्या तव्यावर भाजून घेतली. तो तवा नंतर तिनं राखेनं असा घासला की मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

एवढा पाइप लाल करायला आग हवी, आणि आमच्याकडं आग शोधायला लांब जावं लागत नाही. भूम-परंड्याच्या पट्ट्यात गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत, आमच्या वस्तीपासूनही एक हाकेच्या अंतरावर आहे. तो भट्टीवाला आमच्याच घरून रोज दूध नेतो.

"कढई चढायच्या आधी आणा, भाऊ," तो म्हणाला. "खव्याला लोखंडाचा वास आला तर पेढ्यावाला मलाच वाकवंल."

पाइप भट्टीत घातला. आधी काळा, मग जांभळट, मग पिकल्या डाळिंबासारखा लाल झाला. आम्ही दोघांनी तो बाहेर काढून एका जाड ओंडक्याभोवती ओढला आणि तो ओढला तसा आला. तापलेलं लोखंड ऐकतं हे मला काही नवीन नाही. तरी दरवेळी ते इतकं निमूट ऐकतं की माझ्या अंगावर काटा येतो. गार झाल्यावर खुंट्या काढल्या, वाळू घळाघळा बाहेर पडली. आत बोट घालून पाहिलं तर वाकण आतूनही गोल आणि गुळगुळीत होतं. भट्टीवाला स्वतःच केल्यासारखा तो पाइप सगळ्यांना दाखवत फिरला.

सगळं जोडून मी गाडीला किक मारली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की सुरूच झाली नाही. मग हात ठेवला तर टाकी थरथरत होती. मागं जाऊन कान दिला. आवाज होता, पण घोंगडीखाली घेतल्यासारखा. चाक फिरवलं तर चेनची सळसळ ऐकू येत होती. आणि पलीकडं ज्वारीत चिमण्या भांडत होत्या, त्या गाडी चालू असताना मला ऐकू येत होत्या. मी शेडात एकटाच उभा राहून हसत होतो. आपल्या हातून एवढी शांतता तयार झाली, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

आई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. "सुरू हाय व्हय ती?"

"व्हय."

"मला तर काय ऐकूच येईना," ती म्हणाली. मला ही शाबासकी वाटली.

आता म्हशीचं सांगायला हवं. आमची म्हैस आईनं ईट गावच्या पाहुण्यांकडून वगार असताना आणली, हातानं चारून मोठी केली. ती आईची म्हैस. आम्ही दोघं नवरा-बायको तिला पाणी पाजू शकतो, शेण काढू शकतो, पण कासेला हात लावायची आमची टाप नाही. संध्याकाळी मी दुकान बंद करून निघालो की घराच्या अलीकडं कालव्याच्या चारीवर एक पूल लागतो. गाडी पुलावर चढली की आवाज खालच्या नळ्यात घुमायचा आणि पुढं सगळं मोकळं रान असल्यानं थेट गोठ्यात पोचायचा. त्याच वेळेला आई चरवी घेऊन धारेला बसलेली असायची. तोवर नुसती चिरीचिरी धार यायची. पुलावर फटफट झाली की म्हैस पान्हा सोडायची आणि चरवीत फेस चढायचा.

हे इतक्या वेळा झालं की घरात ठरूनच गेलं होतं, आमची म्हैस फटफटीवर पान्हावते. पाहुणेरावळे आले की बायको त्यांना धारेच्या वेळी गोठ्याशी नेऊन उभं करायची. भट्टीवाल्यानं ही गोष्ट पार कुर्डुवाडीपर्यंत पोचवली होती. सगळ्यांत जास्त फुशारकी अर्थातच मी मारायचो. माझ्या गाडीच्या आवाजावर एक मुकं जनावर दूध सोडतं, यापेक्षा आणखी काय पाहिजे?

त्यात या वेताला तिचं रेडकू दगावलं. रेडकू नसलं की म्हैस दुधाला अडते, तिला काहीतरी निमित्त लागतं. कुणी पेंड पुढं ठेवतं, कुणी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात कडबा भरून तेच पुढं उभं करतं. आईनं तसलं काही केलं नाही. "तिला फटफटी हाय की," ती म्हणाली.

मुकी केलेली गाडी घेऊन मी पहिल्यांदा दुकानातून घरी आलो, तेव्हा अंगणात गाडी उभी करून चालत गोठ्याशी गेलो. माझी सावली आत पडली तशी आई दचकली.

"कवा आलास?"

"आत्ताच."

"असा भुतावानी येत जाऊ नको."

चरवीचा तळ जेमतेम झाकला होता. म्हैस शेपूट मारत होती, पाय उचलत होती. आईनं आणखी थोडा वेळ कास थोपटली, सड ओढून पाहिले आणि उठली. "दूध चोरलं आज," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. सकाळी ती दूध द्यायची, संध्याकाळी मात्र दगड. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. कासेला काही झालेलं नाही म्हणाले, पण रोज असं दूध आत राहिलं तर कास दगडावेल, म्हैस लवकर आटेल. इंजेक्शन देऊ का म्हणून त्यांनी विचारलं. आईनं हातानंच नको म्हटलं. "सुईनं ओढल्यालं दूध म्या कुणाच्या तोंडात घालणार न्हाय."

भट्टीवाला दूध न्यायला आला तेव्हा त्यानं हलकी चरवी हातात तोलली. "काकी, वाईट वाटून घेऊ नका. दुधात हाय तवर बाजार दाखवा. आटल्यावर कोण इचारत न्हाय."

तो गेल्यावर ती म्हशीच्या मानेखालच्या गोचिडी वेचत बसली, आणि म्हैस मान लांब करून डोळे मिटून उभी राहिली. गाडी मी गप्प केली होती आणि म्हैस आईची जाणार होती. कच्छ, मीठ, पेट्या, सगळ्याचा मला त्या दिवशी राग आला.

जुना आवाज परत आणावा तर सायलेन्सरचे मी तुकडे केलेले, त्याचाच पत्रा नव्याला वापरलेला. मग आठवलं, बायकोच्या मोबाईलमध्ये दसऱ्याचा व्हिडिओ होता. गाडीची पूजा करून, झेंडूचा हार घालून मी पुलावरून येतोय, आणि त्यात भोकासकट सगळा आवाज, फटफट-फुस्स, स्वच्छ आलेला. मी गाणी वाजवायचा मोठा स्पीकर आणला. बायकोला म्हणालो, धारेच्या वेळी मी दुकानात असेन, तू हा गोठ्याच्या मागं ठेवून लाव. तिनं लावला. म्हशीनं एक कान फिरवला, परत आणला आणि रवंथ करत राहिली.

"तिला काय मोबाईल कळत न्हाय व्हय," आई म्हणाली.

मला तर जोरच चढला. म्हटलं, मोबाईलमध्ये खर्जातला आवाज नीट येत नाही, म्हैस तो पायांनी ऐकत असेल. म्हणून स्पीकर जमिनीवर ठेवून पाहिला. मग उपड्या पिंपाखाली ठेवून पाहिला, तेव्हा शेजारची कुत्री पळाली, पण म्हैस ढिम्म. माझ्या कानाला त्या व्हिडिओत आणि खऱ्या गाडीत फरक कळत नव्हता. तिला कळत होता. मी त्या जनावरापुढं मनातल्या मनात हात टेकले. इतका तयार कान आपल्या गोठ्यात दावणीला बांधलेला आहे आणि आपण परंड्यात बसून लोकांना बेअरिंग ओळखून दाखवतो, या विचारानं मी रात्रीचं जेवलोसुद्धा नीट नाही. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला.

मग डोक्यात आलं की वेळ चुकत असेल. तिला आवाज नेमका कधी यायचा ते पोटातून माहीत असणार. म्हणून ठरवलं, मी पुलावर थांबून फोन करायचा आणि बायकोनं त्याच क्षणी व्हिडिओ लावायचा. त्या संध्याकाळी पुलावरून फोन केला, "आलो पुलावर, लाव," म्हणालो आणि निघालो. अंगणात शिरलो तर बायको गोठ्याच्या कुडाबाहेर मोबाईल हातात धरून उभी. मला पाहून तिनं ओठावर बोट ठेवलं. आतून आवाज येत होता. भरल्या चरवीत, फेसात पडणाऱ्या धारेचा.

"जमलं," मी हळूच म्हणालो. "वेळच चुकत होती."

"कसली वेळ?" ती कुजबुजली. "म्या व्हिडिओ लावलाच न्हाय. तुमचा फोन आला, म्या आत्याला म्हणलं, पुलावर आलेत ते. त्या स्पीकरच्या डब्याचं बटण दाबायला वाकले तवर आत चरवी वाजायला लागली."

मग ती जे म्हणाली ते तिनं माझ्या तोंडाकडं न बघता म्हटलं. "सकाळी कुठली फटफटी असती? तुमी तर घोरत असता."

ते मला कधी सुचलंच नव्हतं. दुकान बंद असायचं त्या दिवशी मी घरीच असायचो, गाडी शेडात असायची, आणि म्हैस संध्याकाळीही भरून दूध द्यायची. हेही डोळ्यांसमोर होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून लवकर निघालो, गाडी पुलापाशीच लावली आणि चालत मागच्या बाजूनं कडब्याच्या गंजीआड येऊन उभा राहिलो. फक्त बायकोला माहीत होतं. कुडाच्या फटीतून आई दिसत होती. ती म्हशीखाली बसली होती, पण तोंड म्हशीकडं नव्हतं. मान रस्त्याकडं ताणलेली होती. दोन-चार धारा काढायची आणि हात थांबायचे. लांब रस्त्यावर उसाची ट्रॉली गेली, तिनं मान वर केली. कुणाची तरी मोटारसायकल गेली, पुन्हा केली. तिचे हात थांबले की म्हैस पाय हलवायची. तिच्या बोटांत काय होतं ते मला तिथून दिसत नव्हतं, पण म्हशीला ते कळत होतं.

दोन वर्षांमागं अशाच एका संध्याकाळी मी बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळलो होतो. खांदा निखळला होता. एका टेम्पोवाल्यानं मला उशिरा घरी आणून सोडलं, तेव्हा आई गोठ्यातच बसलेली होती, रिकामी चरवी मांडीत घेऊन. म्हशीनं त्या दिवशी दूध दिलं नव्हतं, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ते विसरूनही गेलो होतो.

बायको दारातून म्हणाली, "आत्या, पुलावर आलेत बघा ते."

आईनं मान वळवली. मोठा श्वास सोडला, तो मला गंजीआडून दिसला. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं, खांदे खाली आले, आणि तिचे हात आधी चालत होते तसेच चालायला लागले. पण आता त्या हातांखाली म्हैस पुतळ्यासारखी उभी राहिली आणि धारा घुरघुरत चरवीत पडायला लागल्या. आवाज नाही, गाडी नाही, काही नाही. मी गंजीला पाठ लावून खाली बसलो. एवढी वर्षं आम्ही सगळे म्हशीकडं बघत होतो. पाहुण्यांनाही तिकडंच बघायला लावत होतो. पान्हा कुणाला आधी फुटत होता, ते कुणीच पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग पुलाकडं चालत गेलो आणि गाडीवर बसून समोरून घरी आलो.

आईला यातलं काही सांगितलं नाही. बायकोनं एकदा नुसतं म्हणून पाहिलं, "आत्या, म्हैस तुमचंच ऐकती." आई म्हणाली, "माझं काय ऐकती? ती फटफटीचं ऐकती."

म्हणून मी गाडीची पुन्हा फटफटी केली. सायलेन्सरचं शेपूट मधल्या नळीपर्यंत कापून मोकळं केलं आणि तिथं बसेल असा एक डाट, म्हणजे बुचासारखा तुकडा केला, हातानं फिरवायच्या स्क्रूनं धरलेला. डाट आत असला की गाडी गप्प. ओढून काढला की आतला सगळा वारा सरळ बाहेर येतो आणि गाडी पहिल्यापेक्षाही जोरात बोलते. रोज संध्याकाळी पुलावर थांबतो, जुना हातमोजा घालतो, तापलेला डाट ओढून काढतो आणि तसाच घरी येतो. येणारे-जाणारे बघतात. भट्टीवाला लोकांना सांगतो की म्हशीसाठी गाडीला आवाजाचं झाकण बसवणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात एकच आहे. मी त्याला दुरुस्त करत नाही.

कच्छला जायचं मी सोडून दिलं होतं. आईनंच विषय काढला. "जायाचं हुतं न्हवं तुला? जा की."

"आणि म्हैस?"

"रोज धारेच्या वेळेला फोन लावायचा," ती म्हणाली. "मला न्हाय. म्हशीला."

मी गेलो. रोज संध्याकाळी, ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, रस्त्याच्या कडेला, जिथं असेन तिथं थांबायचो, डाट काढायचो, गाडी सुरू करायचो आणि फोन सायलेन्सरपाशी धरायचो. तिकडं बायको स्पीकर लावायची. ज्या स्पीकरवर दसऱ्याच्या व्हिडिओला म्हशीनं फक्त कान फिरवला होता, त्याच स्पीकरवर. बघणारे मला वेडा समजत असतील तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

रणात पोचलो ती संध्याकाळच होती. पायाखाली मीठ करकरत होतं आणि खरंच मधे काहीच नव्हतं. झाड नाही, घर नाही, पाखरू नाही. पांढरं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. इतकं मोठं काहीतरी पाहिलं की माणसाला बोलावंसं वाटत नाही. मी गाडी बंद करून उभा राहिलो तर कानात माझंच रक्त ऐकू येत होतं. तिथं पश्चिमेला दिवस उशिरा बुडतो, अजून ऊन होतं. घरी मात्र दिवस बुडाला होता, आणि हे आठवल्यावर मी घाईघाईनं फोन लावला. डाट काढला, गाडी सुरू केली. फटफट त्या पांढऱ्या रानात गेली आणि कशावरच न आपटता पुढं जात राहिली.

गाडी तशीच चालू ठेवून मी लांब चालत गेलो आणि फोन कानाला लावला. आधी काहीच ऐकू येईना. मग म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजली, आणि तिच्यामागं, लांबून पण स्वच्छ, चरवीत धार पडायला लागली. मोटारीच्या पोटातलं ऐकणाऱ्या माझ्या कानानं त्याआधी किंवा नंतर त्यापेक्षा मोठं काही ऐकलेलं नाही.

"ऐकलं तिनं," आईचा आवाज आला. "आता बंद कर ती. उगा पेट्रोल जाळू नको."

मी परत येऊन गाडी बंद केली. फोन मात्र चरवी भरेपर्यंत तसाच कानाला लावून उभा राहिलो.